रूपांतरित कॅमेऱ्याने अवरक्त छायाचित्रण

डिजिटल कॅमेऱ्याचा सिलिकॉन सेन्सर सुमारे १००० नॅनोमीटरपर्यंतचा अवरक्त, म्हणजे लाल रंगापलीकडचा आणि डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश टिपू शकतो. मात्र तो अडवणारी काच कारखान्यातच सेन्सरपुढे बसवलेली असते. ती काढून तिच्या जागी दृश्य प्रकाश अडवणारा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर बसवून घेतला, की भर उन्हात ट्रायपॉडशिवायही छायाचित्रे घेता येतात. हे काम जाणकाराकडेच सोपवावे, कारण फ्लॅशच्या कपॅसिटरमधील विद्युतभार बॅटरी काढल्यावरही टिकून राहू शकतो.

छायाचित्रे रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) स्वरूपात घ्यावीत आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) उन्हातल्या हिरवळीवर बेतावा, अन्यथा सारे चित्र लालभडक दिसते. पावसाळा सरताना सह्याद्रीत, छायाचित्रकार एरवी टाळतात त्या दुपारच्या उन्हात, पाने अवरक्त प्रकाश परावर्तित करून पांढरी उमटतात आणि निरभ्र आकाश गडद होते. भिंग मात्र चोखंदळपणे निवडावे: काही उत्तम भिंगेही चित्राच्या मध्यभागी फिकट डाग उमटवतात आणि भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान करत गेल्यास तो अधिक ठळक होतो, म्हणून छिद्र एफ/८ पेक्षा लहान करण्यापूर्वी चाचणी घ्यावी. डीएसएलआर (आरशातून दृश्य दाखवणारा कॅमेरा) असल्यास फोकस लाइव्ह व्ह्यूमधूनच, म्हणजे सेन्सरवरचे चित्र मागच्या पडद्यावर पाहून, साधावा. नंतर संगणकावर लाल आणि निळ्या चॅनेलची (रंगघटकांची) अदलाबदल केली, की आकाश निळसर होते. चित्र कृष्णधवल ठेवायचे असल्यास त्याची गरज नाही, आणि माझ्या मते सह्याद्रीच्या कड्यांना तेच अधिक शोभते.