निवेदन कोणाच्या हातात द्यायचे? इंदुरात कामगार हक्कांची रॅली उभी करताना

रॅली काढायची असे ठरले की पहिल्या बैठकीत तारीख, घोषणा आणि फलक यांचीच चर्चा रंगते. इंदुरात अशा अनेक बैठकांना बसल्यानंतर माझे मत असे झाले आहे की सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारावा: आपले निवेदन कोणाच्या हातात जाणार आहे, आणि आपण मागतो ती गोष्ट करण्याचा अधिकार त्या व्यक्तीला आहे का? याचे उत्तर मिळाले की दिवस, वेळ, मार्ग, लागणारी माणसे आणि घोषणांचे शब्दसुद्धा त्यातूनच ठरत जातात. उत्तर न शोधता निघालेली रॅली शहराच्या मध्यावरील राजवाड्याला वळसा घालून घरी परतते आणि दुसऱ्या दिवशी कोणालाच तिची दखल घ्यावी लागत नाही.

किमान वेतन मिळत नसेल तर दाद श्रम विभागाकडे मागायची असते. मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचे कार्यालय इंदुरातच आहे, ही या शहरातील कामगारांची मोठी सोय आहे. भविष्यनिर्वाह निधी कापला जातो पण खात्यात जमा होत नाही, अशी तक्रार असेल तर ती निधीच्या क्षेत्रीय कार्यालयाची बाब आहे. कचरागाडीवरच्या माणसाला ठेकेदार हातमोजे देत नसेल तर ठेकेदाराच्या दारात ओरडण्यापेक्षा, ज्या महापालिकेचे काम तो करतो तिच्या आयुक्तांना जबाबदार धरावे. वस्तीतील नावे मतदार यादीतून गळाली असतील तर जिल्हा निर्वाचन अधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे लागते. पीथमपूरच्या कारखान्यात काम करणारे हजारो लोक इंदुरात राहतात, परंतु पीथमपूर धार जिल्ह्यात येते; त्यामुळे तेथील प्रश्नावर इंदूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिले तर ते फार तर पुढे पाठवले जाते आणि महिना निघून जातो.

मागणी मोजता येईल अशी असावी. "कामगारांना न्याय द्या" या वाक्यावर अधिकारी मान डोलावतो, कारण त्यात त्याला करण्यासारखे काहीच नसते. किमान वेतनाचेच उदाहरण घ्यावे. मध्य प्रदेशात सुधारित दर 1 एप्रिल 2024 पासून लागू झाले, मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने त्यांना स्थगिती दिली आणि डिसेंबर 2024 मध्ये ती उठली. अशा वेळी कोणत्या तारखेपासूनचा, कोणत्या श्रेणीचा आणि किती महिन्यांचा फरक हवा आहे, हे निवेदनात स्पष्ट लिहिले पाहिजे. सोबत चार-पाच वेतनचिठ्ठ्यांच्या प्रती जोडाव्यात. ज्यांच्याकडे वेतनचिठ्ठी नाही (आणि ठेक्यावरच्या बहुतेकांकडे ती नसते), त्यांच्या बँक पासबुकाची पाने चालतात.

या बाबतीत आपल्या भाषेतील सर्वांत जुना धडा अजूनही उपयोगी पडतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, तेव्हा त्यांच्या मागण्या अगदी नेमक्या होत्या: आठवड्यातून रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत, आणि कामावर जायबंदी होणाऱ्याला भरपाई. निवेदनावर सुमारे 5,500 सह्या होत्या. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे 10,000 कामगार जमले, तेथे दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. पहिली सभा ते सुटी यांत जवळजवळ सहा वर्षे गेली. मागणी मात्र तीच राहिली. मला याहून अधिक बोचणारी गोष्ट दुसरी आहे. सुदामानगर, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर या इंदुरातील वस्त्यांत आपल्या मराठी घरांत धुणीभांडी करणाऱ्या बायकांना ती साप्ताहिक सुटी आजही हक्काने मिळत नाही. म्हणून रॅलीची पहिली बैठक आपल्या बैठकीच्या खोलीत घेताना, त्याच घरात काम करणाऱ्या मावशींना सतरंजीवर शेजारी बसवून त्यांचे म्हणणे आधी ऐकावे. लोकशाहीची मागणी करणाऱ्यांनी ती निदान स्वतःच्या बैठकीत पाळली पाहिजे: निर्णय हात वर करून व्हावेत, कार्यवृत्त लिहिले जावे आणि पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला ते मोठ्याने वाचून दाखवावे.

माणसे जमवण्याचे खरे काम रॅलीच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत होते. व्हॉट्सॲपवर संदेश पाठवल्याने माहिती पोहोचते, माणूस येत नाही. सांवेर रोडच्या कारखान्यांच्या फाटकाशी पाळी सुटताना, मजूर सकाळी ज्या चौकात कामाच्या आशेने उभे राहतात तेथे, आणि परदेशीपुरा व नंदानगर यांसारख्या जुन्या कामगार वस्त्यांत संध्याकाळी, असे दोघादोघांच्या जोडीने जावे. जोडीत एक स्त्री असली तर घरातले दार लवकर उघडते. पत्रके हिंदीत छापावीत, कारण कारखान्यातील कामगार मराठी, निमाडी, माळवी, भोजपुरी असे नाना भाषा बोलणारे असतात आणि हिंदी सर्वांना कळते. परंतु मराठी घरात गेल्यावर बोलणे मराठीतच करावे. येतो म्हणणाऱ्याचे नाव, वस्ती, पाळीची वेळ आणि सोबत किती जण येतील हे वहीत लिहून घ्यावे, आणि आदल्या दिवशी त्याला पुन्हा भेटावे. माझा अनुभव असा की "येतो" म्हणणाऱ्यांपैकी निम्मे येतात. दुसऱ्यांदा भेटलेले मात्र बहुधा येतातच. ही वही कोणाच्याही हाती पडू देऊ नये. ठेकेदाराच्या माणसाला त्यातील नावे मिळाली तर दुसऱ्या दिवशी कोणाचे तरी काम सुटते, आणि त्याची भरपाई आपण करू शकत नाही.

दिवस निवडताना कायदा आणि पंचांग दोन्ही पाहावे लागतात. चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत आणि औद्योगिक संबंध संहितेनुसार कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपापूर्वी 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते. इतकेच नव्हे, तर निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली तरी तो संप मानला जातो. म्हणून "सगळ्यांनी त्या दिवशी सुटी टाका" असे आवाहन चुकूनही करू नये. पाळी सुटल्यानंतरची वेळ किंवा साप्ताहिक सुटीचा दिवस घ्यावा. यात एक अडचण आहे: रविवारी कामगार मोकळा असतो, पण कार्यालय बंद असते. यावर आम्ही काढलेला मार्ग असा की मोठी सभा रविवारी घ्यायची, तिच्यात निवेदन वाचून मंजूर करायचे, आणि मंगळवारी पंधरा-वीस जणांच्या शिष्टमंडळाने ते नेऊन द्यायचे, कारण मध्य प्रदेशात मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयात जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी समक्ष ऐकण्याची बैठक, असते. एकदा आम्ही कामाच्या दिवशी मोठ्या उत्साहाने निघालो आणि एका कार्यालयात साडेपाचला पोहोचलो. अधिकारी निघून गेलेले होते, निवेदन पहारेकऱ्याच्या हाती द्यावे लागले आणि उन्हातून चालत आलेल्या बायकांच्या चेहऱ्यावरची निराशा मला आजही विसरता येत नाही. तेव्हापासून अधिकाऱ्याची वेळ आदल्या दिवशी लेखी मागून घेतल्याशिवाय आम्ही निघत नाही. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) आणि दिवाळीआधीचा बाजार या दिवसांत राजवाड्याच्या परिसरात पाऊल ठेवायला जागा नसते, त्यामुळे ते दिवस टाळावेत. 1 मे रोजी कार्यक्रम असेल तर सकाळी आठला सुरू करून दहाच्या आत संपवावा. माळव्याच्या रात्री थंड असल्या तरी मे महिन्याची दुपार कोणाचीही गय करत नाही.

परवानगीचा भाग कंटाळवाणा असला तरी तेथे आळस केला तर सगळी मेहनत वाया जाते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 19 ने शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे, आणि त्याच अनुच्छेदाने सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी निर्बंधांनाही जागा ठेवली आहे. रस्त्यावरच्या मिरवणुकीचे नियमन करण्याचा अधिकार पोलिसांना 1861 च्या पोलीस कायद्याच्या कलम 30 खाली आहे. डिसेंबर 2021 पासून इंदूर शहरात पोलीस आयुक्तालय असल्याने शहरातील अर्ज तेथे जातो. महू किंवा ग्रामीण भागासाठी एसडीएमकडे (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे) जावे लागते. अर्जात तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, रस्त्यांच्या नावांसह मार्ग, अंदाजे संख्या, भोंग्यांची संख्या आणि जबाबदार तीन व्यक्तींची नावे लिहावीत. अर्ज किमान दहा दिवस आधी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सहीसह पोच घ्यावी. तोंडी "हो जाएगा" यावर विसंबू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली (पूर्वीचे कलम 144) एखादा मनाई आदेश लागू आहे का, हे त्याच वेळी विचारावे; असा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपेक्षा अधिक चालत नाही. परवानगी नाकारली तर कारणासह लेखी उत्तर मागावे आणि पर्यायी जागा सुचवावी. सार्वजनिक रस्त्यांवरील सभांना सरसकट नकार देण्याची मोकळीक पोलिसांना नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या हिमतलाल शहा प्रकरणात सांगितलेले आहे. आणि रस्ता बेमुदत अडवून धरता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने 2020 मध्ये शाहीनबागेच्या प्रकरणातही सांगितले आहे. दोन्ही निकाल आपल्या स्वयंसेवकांना ठाऊक असावेत.

मार्ग छोटा ठेवावा. वयस्कर माणसे आणि लेकुरवाळ्या बायका दीड-दोन किलोमीटरच्या पुढे दमतात. श्रमायुक्तांचे कार्यालय आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ ही दोन्ही महात्मा गांधी मार्गावर आहेत, आणि न्यायालय, रुग्णालय व शाळा यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते. त्या टप्प्यात भोंगा बंद करून हातात फलक धरून मुकाट्याने चालावे. (असे मूक चालणे पाहणाऱ्यांवर घोषणांपेक्षा जास्त परिणाम करते, असे मला वाटते.) रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला मनाई आहेच. भिंतींवर पत्रके चिकटवू नयेत. मध्य प्रदेशात मालमत्ता विद्रूपणाविरुद्ध 1994 चा कायदा आहे आणि दंड कामगारांच्या वर्गणीतून जातो.

दर पंचवीस-तीस माणसांमागे एक स्वयंसेवक नेमावा, त्याच्या दंडावर एकाच रंगाची पट्टी असावी आणि त्याला तीनच कामे नीट समजावून सांगावीत: रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवणे, रुग्णवाहिका आली की लगेच रांग दुभंगणे, आणि कोणी वाद घालायला आला तर त्याच्याशी न बोलता आपल्या माणसांना पुढे नेणे. पाणी, ओआरएस आणि प्रथमोपचाराची पेटी ई-रिक्षात मागून यावी. शेवटची तुकडी सफाईची असावी. हे शहर 2017 पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिले आले ते पहाटे झाडू घेऊन उतरणाऱ्या कामगारांमुळे, आणि त्यांच्याच हक्कांसाठी निघालेल्या रॅलीने पाण्याचे पाउच रस्त्यावर टाकून त्यांचे काम वाढवावे, हे मला सहन होत नाही.

पोलिसांनी कोणाला ताब्यात घेतले तर गोंधळ न करता एकाने नाव, ठाणे आणि वेळ टिपावी. अटकेचे कारण सांगणे बंधनकारक आहे, 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते, आणि अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. एका वकिलाशी आधीच बोलून ठेवावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठीचा क्रमांक 15100 प्रत्येक स्वयंसेवकाच्या पट्टीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा.

पैशांबद्दल थोडक्यात: दहा-वीस रुपयांचीही पावती फाडावी, आणि रॅलीनंतरच्या बैठकीत जमाखर्च वाचून दाखवावा.

निवेदन देताना त्याची प्रत आवक कक्षात नोंदवून आवक क्रमांक घ्यावा आणि तो त्याच संध्याकाळी सर्वांना कळवावा. कागदांचे महत्त्व इंदूरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. येथील हुकुमचंद मिल ही कापड गिरणी 12 डिसेंबर 1991 रोजी बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचे सुमारे 224 कोटी रुपये 25 डिसेंबर 2023 रोजी सुपूर्द झाले. मधल्या 32 वर्षांत कित्येक कामगार वारले, आणि त्यांचा हक्क सिद्ध करण्यासाठी विधवांना व मुलांना जुनी ओळखपत्रे ट्रंकांतून शोधून काढावी लागली. म्हणून निवेदनाची पोच, सह्यांची पाने, वेतनचिठ्ठ्यांच्या प्रती आणि छायाचित्रे यांचे दोन संच करून दोन वेगळ्या घरांत ठेवावेत. पंधरा दिवसांनी आवक क्रमांक घेऊन दोघांनी पुन्हा कार्यालयात जावे, आणि महिनाभरात उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली त्या निवेदनावर काय कार्यवाही झाली हे विचारणारा अर्ज करावा. त्याचे शुल्क 10 रुपये आहे. या दुसऱ्या फेरीला जाणाऱ्या दोघांची नावे रॅलीच्या दिवशीच, सगळे घरी परतण्यापूर्वी, ठरवून वहीत लिहून घ्यावीत.