थंडर बेच्या जंगलात सापळे लावायचे असतील तर

दर हिवाळ्यात इथल्या कॉलेजात नव्याने आलेली दोन-तीन मराठी मुलं म्हणतात, "काका, एकदा लाइनवर न्या ना." लाइन म्हणजे जंगलात सापळे लावायचा ठरलेला पट्टा. बहुतेकांना फोटो हवा असतो. तो मिळाला की पुन्हा दिसत नाहीत. पण एखादा दुसऱ्या रविवारीही उणे २५ मध्ये पहाटे दारात उभा असतो. हे त्याच्यासाठी लिहितोय.

कागदपत्रांचं थोडक्यात. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात परवान्याआधी सरकारमान्य फर हार्वेस्ट (म्हणजे फरसाठी प्राणी धरण्याचा) कोर्स करावा लागतो. सरकारी जंगल ट्रॅपलाइनींमध्ये वाटलेलं आहे आणि नव्याला लगेच स्वतःची लाइन मिळत नाही, तेव्हा कुणाचा तरी हेल्पर व्हा. व्हिसावर असाल तर आपल्याला परवाना मिळतो का हे प्रांताच्या मंत्रालयाला विचारा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नका, तिथे सगळेच वकील.

आता प्राणी, मार्टेन आणि फिशर. दोघंही पाणमांजराच्या कुळातले. मार्टेन किलोभर वजनाचं, चपळ आणि भोळं. फिशर दोन ते पाच किलोंचा. नाव काहीही असो, तो मासे धरत नाही. तो साळिंदराला तोंडाच्या बाजूने गाठून मारतो, यावरून त्याची ताकद ओळखा. इथले मूळचे अनिशिनाबे लोक त्याला ओजीग म्हणतात आणि आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो त्या ताऱ्यांत त्यांना तोच दिसतो. लाइनवरून उशिरा परतताना मी हटकून वर बघतो. आपण ज्या जंगलात फिरतो ते ब्रिटिश राजवट आणि त्यांच्यातल्या १८५० च्या रॉबिन्सन-सुपीरियर करारातलं, त्याच लोकांचं, हेही लक्षात असू द्या.

आता जे सांगायला बसलो ते. सापळे. पहिल्या वर्षी आपल्याच एका माणसाने दीडशे डॉलरला १२० आकाराचे बादलीभर जुने सापळे दिले. "अरे, १२० म्हणजे १२०, सगळे सारखेच." आपला माणूस म्हणून मी तपासलेसुद्धा नाहीत. जानेवारीत वन्यजीव अधिकाऱ्याने लाइनवर गाठलं. त्यातले निम्मे सापळे मार्टेनसाठी प्रमाणितच नव्हते. दंड भरला, अकरा कातडी गेली, आणि ज्याचा मी हेल्पर होतो तो मुख्य ट्रॅपर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. तो अबोला दंडापेक्षा महाग पडला.

तर नीट ऐका. कॅनडा आणि युरोपीय संघात १९९७ मध्ये झालेल्या करारामुळे इथे ठरावीक प्राण्यांसाठी प्रमाणित सापळेच चालतात. फर इन्स्टिट्यूट ऑफ कॅनडाची यादी असते, आणि ती प्राण्यागणिक वेगळी असते. मार्टेनच्या यादीतला सापळा फिशरच्या यादीत असेलच असं नाही. १२० हा आकार झाला, प्रमाणपत्र नव्हे. सापळ्यावर कोरलेलं कंपनीचं आणि मॉडेलचं नाव अक्षर न अक्षर यादीशी जुळवा. नाव पुसलं असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. आपला माणूस देत असेल तर दोनदा बघा. इथल्या म्हाताऱ्या फिनिश ट्रॅपरने मला कधी फसवलं नाही. त्याने न बोलता त्याचेच चार सापळे माझ्या गाडीत टाकले होते.

मार्टेनसाठी मी १२० लावतो, जबडा साधारण पाच इंची. फिशरची पावलं दिसली की १६०. नर फिशर लहान सापळा तारेसकट ओढून नेतो, तेव्हा साखळी झाडाला जाड तारेने बांधायची. त्याहून मोठा २२० जमिनीवर मी लावत नाही. त्यात कुत्रं सापडतं, आणि कुत्र्याचा मालक तुमचा शेजारीच निघतो. मोठे सापळे सेटरनेच, म्हणजे स्प्रिंगा दाबायच्या हत्याराने, उघडा. स्प्रिंग अडवून धरणारा सेफ्टी हूक शेवटी काढा. खिशात दोरी ठेवा, म्हणजे स्वतःचा हात अडकला तर स्प्रिंगा पायाने ओढून दाबता येतात.

जागा म्हणाल तर स्प्रूस-बाल्सम झाडांचं जुनं जंगल, ओढ्याकाठ. तोडलेल्या मोकळ्या पट्ट्यात वेळ घालवू नका. मनगटाएवढं वाळकं खोड झाडाला तिरकं टेकवा, बर्फापासून चार-पाच फुटांवर त्याला प्लायवुडची पेटी ठोका, तोंडाशी सापळा, मागच्या भिंतीला बीव्हरच्या मांसाचा तुकडा. आजचा बर्फ बघून उंची ठरवाल तर फेब्रुवारीत पेटी पुरलेली सापडेल. आमिष बाहेरून दिसता कामा नये, नाहीतर ग्रे जे पक्षी आधी येतात आणि मरतात. मेलेलं मार्टेन खोडाखाली लोंबकळलं पाहिजे, म्हणजे उंदीर कातडं कुरतडत नाहीत.

नवखे लोक माणसाचा वास जावा म्हणून सापळे उकळत बसतात, दोन-दोन हातमोजे घालतात. मार्टेनला त्याची फिकीर नसते. त्यापेक्षा सापळे उबदार गॅरेजमध्ये ठेवून थेट थंडीत नेऊ नका. त्यांच्यावरचा ओलावा गोठतो आणि ते मिटतच नाहीत. रात्रभर पोर्चमध्ये राहू द्या.

कोटा असला तरी तो भरायलाच हवा असं नाही. मोसमाच्या सुरुवातीला बहुतेक पिल्लं आणि नर मिळतात. प्रौढ माद्या वाढू लागल्या की मी पेट्या काढतो. दोन्ही जातींत गर्भ महिनोन्‌महिने वाढ न होता थांबून राहतो. जानेवारीतल्या मादीबरोबर पुढच्या मोसमाची पिल्लंही जातात. यावरून इथल्या काही जणांशी माझे वाद आहेत, असू देत.

आई फोनवर विचारते, "हे पाप नाही का रे?" मी विषय बदलतो. तुमच्याही घरी विचारतील, उत्तर तयार ठेवा. माझं अजून तयार नाही.

कातडं सोलणं लिहून शिकवता येत नाही. मुख्य ट्रॅपरच्या शेजारी बसा. पहिली चार बिघडतील.

आणि लांबून प्राणी ओढायला वापरतात तो स्कंकच्या (घाण वास सोडणारा प्राणी) वासाचा अर्क गाडीच्या आत ठेवू नका. बाटलीचं झाकण कितीही घट्ट असो, डब्यात घालून मागे ट्रेलरवर बांधा. आमची व्हॅन मे महिन्यापर्यंत कुणी चालवली नाही, आणि बायको अजून त्या सीटवर बसत नाही.