पेरणीआधी जुन्या गाडीचा क्लच आणि गिअर पाहून घ्या

रोहिणी लागल्या की आमच्या यवतमाळकडं मोटरसायकलवरचं ओझं वाढतं. टाकीवर बियाण्याची थैली, मागं डीएपीची ५० किलोची बॅग आणि खाली काळ्या मातीचा पांदण रस्ता. जुन्या गाडीचा क्लच नेमका तिथंच दगा देतो. म्हणून ही तपासणी मे महिन्यातच उरकून घ्या. मिस्त्रीकडं गेल्या गेल्या "क्लचच्या प्लेटा बदलून द्या" असं मात्र म्हणू नका. बरेचदा दुखणं क्लचच्या वायरमध्ये किंवा ऑइलमध्ये असतं.

आधी दुखणं ओळखा. रेस दिली की इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, चढावर जळका वास येतो, तर क्लच घसरतोय. क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढं सरकते, उभ्या गाडीला न्यूट्रल सापडत नाही, गिअर खाडकन पडतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही. ही दोन दुखणी एकमेकांच्या उलट आहेत. एकात वायरीला ढील हवी असते, दुसऱ्यात ती ताणावी लागते. सकाळी पहिला गिअर टाकताना एकदाच आवाज आला तर घाबरू नका. रात्रभरात ऑइलनं प्लेटा चिकटतात, त्या सुटल्याचा तो आवाज असतो.

आता वायर. इंजिन थंड असताना क्लचचा दांडा हलकेच ओढा. टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर तो मोकळा हलला पाहिजे. अजिबात ढील नसेल तर प्लेटा अर्धवट दाबलेल्या राहतात आणि जळतात. ढील जास्त असेल तर त्या सुटतच नाहीत. हँडलजवळचा किंवा इंजिनजवळचा नट फिरवून ढील बसवा, लॉकनट आवळा, मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. वळवताना ढील बदलली तर वायर कुठंतरी अडकते आहे. दांड्यातून वायरीची गोळी (टोकाचा धातूचा गोळा) बाहेर काढून तिच्या मुळाशी नीट पाहा. मागच्या पेरणीत माझी वायर तुटली ती तिथंच. आठवडाभर क्लच जड लागत होता आणि मी मनावर घेतलं नव्हतं. बॅग लादलेली गाडी दोन किलोमीटर ढकलली, घरी येऊन पाहिलं तर जुन्या तुटलेल्या तारा गंजून लाल झालेल्या, शेवटच्या दोनच चकचकीत. एक तार जरी उसवलेली दिसली तरी वायर बदला.

मग ऑइल. बहुतेक चार-स्ट्रोक गाड्यांत इंजिन, क्लच, गिअर सगळे एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. म्हणून डब्यावर 'जासो एमए' (JASO MA, ऑइलमध्ये बुडालेल्या म्हणजे ओल्या क्लचसाठीचं जपानी मानक) लिहिलेलं मोटरसायकलचंच ऑइल घ्या. घरात ट्रॅक्टरचा डबा उघडा आहे म्हणून त्यातलं ओतू नका, ते मोटरसायकलच्या ओल्या क्लचसाठी बनवलेलं नसतं. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यानं चांगल्या प्लेटाही घसरतात. आरएक्स १०० किंवा राजदूतसारखी टू-स्ट्रोक गाडी असेल तर गिअरचं ऑइल वेगळं असतं, ते विसरू नका. जुनं ऑइल गरम असताना काढा आणि पांढऱ्या दुपट्ट्यातून गाळा. बारीक काळी गाद चालते. धातूचे कपचे दिसले तर ते पुडीत बांधून मिस्त्रीला दाखवा.

गिअर लिव्हरचा बोल्टही हलवून पाहा. लिव्हरचे आतले दाते झिजले की पाय दाबला जातो पण गिअर बदलत नाही, आणि दोष उगाच गिअरबॉक्सवर जातो. चेन ढिली असेल तरी झटके बसतात. हे सगळं ठीक असून टाकलेला गिअर आपोआप निघत असेल तर आत काम आहे, ते घरी उघडू नका.

प्लेटा बदलायचीच वेळ आली तर प्लेटा, स्प्रिंगा, पॅकिंग आणि ऑइल एकाच वेळी आणा, आणि मिस्त्रीला सांगा, "भाऊ, प्लेटा बसवायच्या आधी ऑइलमध्ये भिजवा." लोखंडी प्लेटा निळ्या पडल्यात का, हाउसिंगला (प्लेटा बसतात त्या डब्याला) खाचा पडल्यात का, ते उभं राहून पाहा. नवीन क्लचवर पहिले काही दिवस बॅगा लादू नका, आणि ढील पुन्हा एकदा मोजा. एक नवीन वायर, १० चा पाना आणि पक्कड सीटखाली बांधून ठेवा.