घरात चोर शिरल्यास काय करावे आणि कोठे थांबावे

मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलेली कुटुंबे असोत किंवा २०१९ आणि २०२१ च्या महापुरात दाराला कुलूप लावून नातेवाइकांकडे गेलेले पंचगंगाकाठचे लोक असोत, कोल्हापुरात बंद घराची धास्ती सगळ्यांनाच असते. मात्र कायद्याच्या दृष्टीने खरा कठीण प्रसंग घरात माणसे असताना येतो. रात्री मागच्या दाराचा कोयंडा उचकटल्याचा आवाज येतो, आणि घरमालकाला चोराला हात लावण्याचीही भीती वाटते, कारण ‘उलट आपल्यावरच केस होते’ असे त्याने चारचौघांत ऐकलेले असते. दुसऱ्या टोकाला, हाती लागलेल्या चोराला खांबाला बांधून बेदम मारण्यात काही गैर नाही असे समजणारेही पुष्कळ आहेत. या दोन्ही समजुतींना कायद्यात आधार नाही. कायदा घरमालकाला पुष्कळ अधिकार देतो, पण तो अधिकार धोका असेपर्यंतच टिकतो.

पहिली पायरी: आपला हक्क नेमका किती, हे आधी समजून घ्यावे

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली असून तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क सांगितला आहे. चोरी, जबरी चोरी, नासधूस किंवा अतिक्रमण यांपासून मालमत्तेचे संरक्षण करण्यासाठी आवश्यक तेवढे बळ वापरणे हा गुन्हा नाही. ही मालमत्ता स्वतःचीच असली पाहिजे असेही नाही. शेजारचे गावाला गेले असताना त्यांच्या घराचे कुलूप कोणी तोडत असेल, तर त्याला अडवण्याचा हक्क कलम ३५ नुसार तुम्हालाही आहे, आणि भाडेकरूलाही तो तितकाच आहे.

या हक्कावरील मर्यादा कलम ३७ मध्ये आहेत. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ हाताशी असेल, तर कायदा हातात घेता येत नाही. आणि बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा कोणत्याही परिस्थितीत करता येत नाही.

हल्लेखोराचा जीव गेला तरी हक्काचे संरक्षण मिळू शकते, असे मालमत्तेच्या बाबतीतले मोजकेच प्रसंग कलम ४१ मध्ये दिले आहेत: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या जागेला आग लावणे अथवा स्फोटकाने उडवणे, आणि ज्या चोरीत, नासधुशीत किंवा गृहअतिक्रमणात आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटते ती. दुपारी उघड्या दारातून आत येऊन मोबाईल उचलणारा भुरटा चोर यांत बसत नाही. त्याला ढकलता येते, धरता येते, त्याच्या हातातली वस्तू हिसकावून घेता येते, पण त्याच्या डोक्यात पहार घालता येत नाही.

येथे एक बारकावा आहे. प्रत्येक रात्रीची चोरी ही कायद्याच्या भाषेत घरफोडी नसते. कुलूप उघडून, कडी उचकटून, माणसाच्या ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने किंवा भिंत चढून आत शिरणे म्हणजे घरफोडी. त्यामुळे उकाड्यामुळे गच्चीचे दार उघडे ठेवले असले, तरी पाइप धरून गच्चीवर चढलेला चोर घरफोडीच करत असतो. नुसत्या लोटलेल्या पुढच्या दारातून सहज आत आलेला मात्र गृहअतिक्रमण आणि चोरी करत असतो. रात्री दोन वाजता हा विचार करत बसण्याची अपेक्षा कोणी करत नाही, पण नंतर न्यायालयात हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो.

दुसरी पायरी: बंदोबस्त करावा, सापळा लावू नये

भक्कम कोयंडा, खिडक्यांना जाळी, मागच्या बाजूला दिवा, कॅमेरा आणि त्याचे रेकॉर्डिंग साठवणारी पेटी सहज हाती न लागेल अशा जागी, हे सगळे करावे. दागिन्यांचे फोटो, वजन आणि गुजरीतल्या सराफाची पावती जपून ठेवावी. हॉलमार्कच्या दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकी क्रमांक पावतीवर आहे का तेही पाहावे. पुढे दागिना सापडला तर तो आपलाच आहे हे सांगायला त्याचा मोठा आधार होतो.

कुंपणात किंवा दाराच्या कडीत घरातल्या विजेचा प्रवाह सोडण्याचा विचार मात्र मनातही आणू नये. बिहारमधील एका घरमालकाने आपल्या शौचालयात इतरांनी येऊ नये म्हणून वाटेत विजेची उघडी तार लावली होती आणि तिला चिकटून एका स्त्रीचा मृत्यू झाला. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये मालमत्तेच्या संरक्षणाचा बचाव फेटाळून त्याची शिक्षा कायम ठेवली. याचे कारण उघड आहे: समोर आलेला माणूस चोर आहे, दूधवाला आहे की चेंडू शोधायला आलेले पोर आहे, हे तारेला कळत नाही.

तिसरी पायरी: चाहूल लागताच

पहिले काम ११२ क्रमांकावर फोन करण्याचे. हळू आवाजात पत्ता, जवळची खूण आणि घरात किती माणसे आहेत एवढे सांगितले तरी पुरते. या फोनचा दुसरा फायदा असा की, पुढे प्रश्न निर्माण झाल्यास तुम्ही पोलिसांची मदत मागितली होती याची नोंद आपोआप राहते. त्यानंतर मुले आणि वयस्कर माणसे एका खोलीत घेऊन आतून कडी लावावी, दिवे लावावेत आणि आरडाओरडा करावा. पुष्कळ चोर घर जागे झाले हे कळताच पळ काढतात आणि त्यांना पळू देण्यात कमीपणा नाही.

चौथी पायरी: समोरासमोर गाठ पडल्यास

चोर अंगावर आला, त्याच्या हातात कटावणी किंवा चाकू असला, तर मिळेल त्या साधनाने प्रतिकार करावा. अशा क्षणी किती जोराचा फटका पुरेल हे तराजूत तोलून ठरवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत मान्य केले आहे. २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात या हक्काची तत्त्वे एकत्र मांडलेली आहेत आणि त्यांचा सूर घाबरट माघारीच्या बाजूचा नाही.

कोठे थांबायचे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. कलम ४३ नुसार रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हक्क चोर घरात असेपर्यंत चालू राहतो. चोरीविरुद्धचा हक्क तो ऐवज घेऊन निसटून जाईपर्यंत, पोलिसांची मदत मिळेपर्यंत किंवा ऐवज परत मिळेपर्यंत टिकतो. म्हणजे साज घेऊन पळणाऱ्याचा बोळाच्या तोंडापर्यंत पाठलाग करून पिशवी हिसकावता येते. त्याने पिशवी टाकली आणि तो मोकळ्या हाताने पळाला, तर त्यानंतर पाठीत घातलेली काठी हा बचाव राहत नाही. बचाव करताना सद्‍हेतूने मर्यादा ओलांडली गेली आणि मृत्यू झाला, तर तो खून न धरता सदोष मनुष्यवध धरला जाऊ शकतो. पण तोही गंभीर गुन्हाच आहे.

पाचवी पायरी: चोर हाती लागल्यास

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार आपल्यासमोर दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्क म्हणून मिळत नाही) गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही पकडू शकतो, आणि घरफोडी त्यात मोडते. मात्र त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात दिलेच पाहिजे. जखमी असेल तर तसे फोनवर सांगून रुग्णवाहिका मागवावी.

या वेळेपर्यंत गल्ली गोळा झालेली असते, आणि माझ्या मते घरमालकाला सर्वाधिक धोका येथेच असतो. ज्याने काहीच पाहिलेले नाही तो पहिली लाथ घालतो, दुसरा मोबाईलवर चित्रण करतो, आणि तेच चित्रण पुढे पुरावा म्हणून दाखल होते. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी चोर असल्याच्या संशयावरून जमावाने तीन निरपराध माणसांचा जीव घेतला, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. पकडलेल्या माणसाला एका खोलीत बसवावे, दोन जबाबदार शेजाऱ्यांना दाराशी उभे करावे आणि बाकीच्यांना फाटकाबाहेर ठेवावे.

सहावी पायरी: पोलीस आल्यावर आणि नंतर

उचकटलेला कोयंडा, कपाटाचे खण, खाली पडलेली कटावणी यांना ठसेतज्ज्ञ येईपर्यंत हात लावू नये. कपाट आवरून ठेवण्याची घाई घरातल्या मोठ्या माणसांना हमखास होते. पंचनाम्यात काय लिहिले आहे ते वाचूनच सही करावी. हद्द शाहूपुरीची की राजारामपुरीची, या कारणाने फिर्याद नाकारता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही पोलीस ठाण्याने ती नोंदवून घ्यायची असते आणि फिर्यादीला तिची प्रत विनामूल्य मिळते. दाद मिळाली नाही तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. विमा असेल तर हीच प्रत विमा कंपनीलाही लागते.

चोर जखमी झाला असेल, तर जबाब देताना घटनाक्रम जसाच्या तसा सांगावा: आवाज कधी आला, फोन कधी केला, त्याच्या हातात काय होते, आपण काय केले आणि कधी थांबलो. स्वसंरक्षण होते हे दाखवण्याची जबाबदारी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ नुसार आपल्यावर असते, मात्र ते निःसंशय सिद्ध करावे लागत नाही, तसे असण्याची शक्यता अधिक आहे एवढे दाखवले तरी चालते. तरीही आपल्याविरुद्ध गुन्हा दाखल झालाच, तर त्याच दिवशी वकील गाठावा. तो गुन्हा रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जायचे असल्यास ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू असल्याने मुंबईची फेरी वाचते.

चोरीचा ऐवज सापडला तर तो मुद्देमाल म्हणून जमा होतो आणि न्यायालयात अर्ज करून खटला संपण्यापूर्वीही परत मिळवता येतो. त्यासाठी पावती आणि फोटो जोडावेत. हमीपत्र देऊन मिळालेला दागिना मोडायचा नाही, विकायचा नाही आणि न्यायालयाने मागितल्यास हजर करायचा, अशी अट बहुधा असते. त्यामुळे त्याचा नवा घाट करून घ्यायचा असेल, तर आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी.