मेजर कोणताही असो, मायनर समाजकार्य: तीन वर्षांची आखणी कशी करावी

बी.कॉम., बी.एस्सी. किंवा साहित्याची पदवी घेता घेता समाजकार्य मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या (मेजरच्या) जोडीचा दुय्यम विषय म्हणून शिकता येतं. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणासाठी 2023 साली निघालेल्या शासन निर्णयानुसार तीन वर्षांच्या पदवीत मायनरला 18 ते 20 क्रेडिट्स असतात, आणि तो मेजरच्याच विद्याशाखेतला हवा अशी सक्ती नाही. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे 15 तास. म्हणजे सगळे मिळून तीनशेच्या आसपास. एवढ्यात समाजकार्याचा सगळा आवाका कळणार नाही. पण एका समाजघटकाचा प्रश्न मुळापासून समजून घ्यायला हे तास पुरेसे आहेत, आणि माझ्या मते हा मायनर त्यासाठीच घ्यावा.

1. प्रवेशाआधी विषयांची यादी मागून घ्या

काही महाविद्यालयांत पहिल्या वर्षी तीन विषय घ्यावे लागतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांतूनच मेजर व मायनर ठरतो. तिथे पहिल्या वर्षी समाजकार्य सुटलं, तर पुढे ते मायनर म्हणून मिळणं अवघड. विषय नेमका कोणत्या विभागाकडे आहे हेही विचारा. समाजकार्याचा स्वतंत्र विभाग नसेल तर समाजशास्त्राच्या यादीत समाजकल्याणाचे पेपर सापडू शकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: क्षेत्रकार्य आहे का? वस्तीत, संस्थेत किंवा सरकारी कार्यालयात प्रत्यक्ष जाणं नसेल, तर त्याच वेळात दुसरा मायनर घेतलेला बरा.

2. एक समाजघटक निवडा, तोही मेजरकडे बघून

अन्न व पोषण शिकणाऱ्याने अंगणवाडीतली मुलं आणि गरोदर बाया हा विषय घ्यावा. अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास योजना 1975 पासून चालू आहे, त्यामुळे शिकायला पन्नास वर्षांचा अनुभव समोर आहे. संगणकशास्त्रवाल्यांनी दिव्यांगांकडे वळावं. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत, आणि सरकारी अर्ज ऑनलाइन गेल्यापासून अंध माणसाला ते भरता येतात का, हा प्रश्न रोजचा झाला आहे. वाणिज्य शाखेला बचत गटांचे हिशेब आहेत, मानसशास्त्राला वृद्धाश्रम आणि बालगृहं.

3. सुटे क्रेडिट्स त्याच विषयाला जोडा

ही पायरी बहुतेक जण चुकवतात. मायनरखेरीज तुम्हाला फील्ड प्रोजेक्ट (प्रत्यक्ष जाऊन केलेला प्रकल्प), कम्युनिटी एंगेजमेंट (लोकांमध्ये जाऊन काम) आणि शेवटच्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग (कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण) करायचंच असतं. मुलं ही कामं सोयीने उरकतात: एका सत्रात वृक्षारोपण, दुसऱ्यात स्वच्छता मोहीम. त्याऐवजी प्रत्येक वेळी मार्गदर्शकांना भेटून आपल्या समाजघटकाशी संबंधित काम मागा. उदाहरणार्थ, निराधार महिला हा विषय धरला, तर एका सत्रात वस्तीतल्या किती जणींना निराधारांना दरमहा अर्थसाहाय्य देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेची माहिती आहे याची पाहणी करता येईल. पुढच्या सत्रात त्यांच्यासोबत तहसील कार्यालयात जा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, पतीच्या मृत्यूचा दाखला यांपैकी अर्ज कुठे अडकतो हे रांगेत उभं राहिल्यावर कळतं. कागदावर उत्तम दिसणारी योजना माणसापर्यंत का पोहोचत नाही, हे समजणं हा या अभ्यासाचा गाभा आहे. ऑन जॉब ट्रेनिंग मग त्याच क्षेत्रातल्या संस्थेत घ्या.

4. क्षेत्रकार्याची वही त्याच दिवशी लिहा

काय पाहिलं, कोण काय म्हणालं आणि तुम्हाला काय वाटलं, हे तीन भाग वेगळे ठेवा. व्यक्तिसहाय्य कार्य (एकेका माणसासोबत), गटकार्य (छोट्या गटासोबत), समुदाय संघटन (अख्ख्या वस्तीसोबत) या पुस्तकातल्या पद्धती या नोंदींतूनच अंगी लागतात. लोकांची खरी नावं लिहू नका. बालगृहातल्या मुलांचे फोटो तर अजिबात काढू नका. बालन्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. अहवाल आकर्षक दिसावा म्हणून कोणी आग्रह धरला तरी ठाम नकार द्या. एखादं मूल धोक्यात दिसलं, तर आपल्या पर्यवेक्षकांना लगेच सांगा आणि 1098 या बालकांच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे देण्याची, नोकरी लावण्याची वचनं कुणालाही देऊ नका. सत्र संपलं की तुम्ही निघून जाता, आशा लावून बसलेली बाई तिथेच असते.

5. वाचन मराठीतूनही करा

महात्मा फुल्यांचं 1863 चं बालहत्या प्रतिबंधक गृह, शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभी केलेली वसतिगृहं, 1977 चा रोजगार हमी कायदा ही समाजकल्याणाच्या इतिहासातली मोठी प्रकरणं आपल्याच जिल्ह्यांत घडली आहेत. पाठ्यपुस्तक परदेशातल्या कायद्यांनी सुरू होत असेल तर ही जोड तुम्ही स्वतः द्या.

6. पुढचं आधीच माहीत असू द्या

मायनरवर समाजकार्यकर्त्याची व्यावसायिक पात्रता मिळत नाही. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकासारख्या पदांना एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) मागतात. मात्र त्या प्रवेशाला बहुतेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेची पदवी चालते. मुंबईत 1936 पासून चालणारी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस किंवा पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था मनात असेल, तर त्यांच्या प्रवेशाच्या अटी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच पाहा. आणि प्रत्येक निकालानंतर मायनरचे क्रेडिट्स तुमच्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (मिळवलेले क्रेडिट्स साठवणाऱ्या ऑनलाइन नोंदवहीच्या) खात्यात जमा झाले का, हे तपासा. नसतील तर परीक्षा विभागाकडे त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.