सोसायटीच्या गच्चीवर सौर प्रकल्प: व्यावसायिकासमोरचे अडथळे आणि धोरणाचा उपयोग

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर 20 किलोवॉटचा सौर प्रकल्प बसवण्याचे प्रत्यक्ष काम फार दिवसांचे नसते. दिवस जातात ते कागदांत, कमिटीच्या बैठकांत आणि वितरण कंपनीच्या मंजुरीची वाट पाहण्यात. या काळात व्यावसायिकाचे भांडवल अडकून पडते, पॅनेलचे भाव बदलतात आणि कमिटीही बदलू शकते. म्हणून महाराष्ट्रातील शहरांत सोसायट्यांची कामे घेणाऱ्या लहान आणि मध्यम सौर व्यावसायिकांनी कोणत्या क्रमाने पुढे जावे, नियमांचा आधार नेमका कुठे घ्यावा आणि नियम कुठे अपुरे आहेत, याचा विचार येथे केला आहे.

पहिली पायरी: गच्चीआधी वीजबिल

बहुतेक जण पहिल्या भेटीत थेट गच्चीवर जातात. त्याआधी कॉमन मीटरची बारा महिन्यांची बिले मागावीत. समजा, 48 सदनिकांच्या इमारतीत दोन लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातील दिवे मिळून महिन्याला सरासरी 2,400 युनिट वीज लागते. आपल्याकडे एक किलोवॉट क्षमतेतून महिन्याला सुमारे 120 युनिट मिळतात असे धरले, तर 20 किलोवॉट पुरेसे होतात आणि त्यासाठी साधारण 200 चौरस मीटर मोकळी, सावलीरहित जागा लागते. यापेक्षा मोठा प्रकल्प सुचवण्याचा मोह टाळावा, कारण न वापरता वितरण कंपनीकडे गेलेल्या आणि आर्थिक वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटना मिळणारा दर हा ग्राहक स्वतः मोजत असलेल्या दरापेक्षा बराच कमी असतो.

त्याच बिलावर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे मंजूर भार, म्हणजे वितरण कंपनीने त्या जोडणीला मान्य केलेली कमाल वीजक्षमता. तो 15 किलोवॉट असेल आणि प्रकल्प 20 किलोवॉटचा असेल, तर भारवाढ हा विषय सुरुवातीलाच हाताळावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे बिलावरचे नाव. सोसायटी नोंदणीकृत होऊन कितीतरी वर्षे लोटली तरी कॉमन मीटर अजून बिल्डरच्याच नावावर असल्याचे अनेक ठिकाणी आढळते, आणि बिल वेळेवर भरले जात असल्यामुळे ही बाब कोणाच्या लक्षातही येत नाही. अर्ज भरताना मात्र बिलावरील नाव, बँक खात्यावरील नाव आणि नोंदणी प्रमाणपत्रावरील नाव जुळत नाही आणि सगळे तिथेच थांबते. त्यामुळे नावबदलाचा अर्ज पहिल्याच आठवड्यात करून घ्यावा. करार आणि आगाऊ रक्कम या गोष्टी नंतरच्या आहेत.

गच्ची कोणाची, आणि किती वर्षे?

जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे अभिहस्तांतरण किंवा मानीव अभिहस्तांतरण पूर्ण झाले आहे का, हे विचारणे अवघड वाटले तरी विचारावे. वरच्या मजल्यावरील सदस्याने गच्चीचा काही भाग आपला म्हणून वापरात ठेवला असेल, तर तो वाद पॅनेल येण्याआधी बाहेर आलेला बरा. सर्वसाधारण सभेचा ठराव घेताना ‘सौर प्रकल्पास मान्यता’ एवढे मोघम वाक्य पुरत नाही. प्रकल्पाची क्षमता, गच्चीचा नेमका भाग, खर्चाची मर्यादा, वितरण कंपनीकडे सह्या करणाऱ्या पदाधिकाऱ्यांची पदे आणि देखभालीसाठी गच्चीवर जाण्याची परवानगी या बाबी इतिवृत्तात स्पष्ट असाव्यात. पदाधिकाऱ्याचे नाव लिहिण्यापेक्षा पद लिहिलेले चांगले, म्हणजे निवडणुकीनंतर नवा ठराव लागत नाही.

मुंबई, ठाणे आणि पुण्यात सर्वांत मोठा प्रश्न पुनर्विकासाचा आहे. पॅनेलचे आयुष्य 25 वर्षे धरले जाते, आणि इमारत आधीच 35 वर्षांची असते. जुन्या इमारतीचा संरचनात्मक तपासणी अहवाल मागावा आणि तो नसेल तर दरपत्रक देण्याची घाई करू नये. सोसायटीने स्वतः पैसे घालून प्रकल्प उभारला तर पुनर्विकासाच्या वेळी नुकसान सोसायटीचे होते. व्यावसायिकाने स्वतःचे भांडवल घालून युनिटमागे दर आकारण्याचा करार केला असेल, तर ते नुकसान त्याचे होते. अशा करारात प्रत्येक वर्षाअखेर प्रकल्प किती किमतीला सोसायटीकडे जाईल याचा तक्ता जोडलेला असावा. पॅनेल उतरवून साठवण्याचा आणि नव्या इमारतीवर पुन्हा बसवण्याचा खर्च कोणी करायचा, हेही तिथेच लिहावे. पुनर्विकासाची बोलणी आधीच सुरू असतील, तर माझ्या मते असा करार करूच नये.

सावली, पाणी आणि वारा

सावलीची पाहणी डिसेंबरच्या उत्तरार्धात सकाळी 9 ते दुपारी 3 या वेळेत केली, तर वर्षातील वाईटात वाईट स्थिती दिसते. इतर महिन्यांत पाहणी केली असेल, तर पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि शेजारची उंच इमारत यांच्या डिसेंबरमधील सावल्या गणिताने काढाव्यात.

सदस्यांची खरी भीती गळतीची असते, आणि ती अनाठायी नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची हमी चालू असेल तर स्लॅबला छिद्र पाडताच ती रद्द होऊ शकते. म्हणून खिळेबंद पाया टाळून काँक्रीटच्या वजनदार ठोकळ्यांवर सांगाडा उभारण्याचा पर्याय तपासावा आणि ते वजन स्लॅब पेलेल का, हे संरचना अभियंत्याकडून लेखी घ्यावे. भारतीय मानकानुसार मुंबईसाठी मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर, तर पुण्यासाठी 39 मीटर धरला जातो; पुण्यातला सांगाडा जसाच्या तसा कोकणात उभा करता येत नाही. 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने घरांची छपरे उडवून नेली होती, हे किनारपट्टीतील ग्राहकाला वेगळे सांगावे लागत नाही. कमिटीला आणखी एक गोष्ट आधीच सांगावी: वीज गेली की बॅटरी नसलेला, ग्रिडशी जोडलेला प्रकल्पही सुरक्षेसाठी बंद होतो, त्यामुळे लिफ्ट त्यावर चालणार नाही.

मंजुरीचे दिवस मोजावेत

वीज (ग्राहकांचे हक्क) नियमांत 22 फेब्रुवारी 2024 रोजी झालेली सुधारणा या व्यवसायासाठी फार उपयोगाची आहे. 10 किलोवॉटपर्यंतच्या परिपूर्ण अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची गरज नाही, तो स्वीकारला गेला असेच मानले जाते आणि आवश्यक ती भारवाढ वितरण कंपनीने करायची असते. त्याहून मोठ्या प्रकल्पासाठी तपासणीची मुदत 20 दिवसांवरून 15 दिवसांवर आणली असून मुदतीत उत्तर न आल्यास अर्ज मंजूर मानला जातो. काम पूर्ण झाल्यावर मीटर बसवून प्रकल्प सुरू करण्यासाठीही 30 ऐवजी 15 दिवस दिले आहेत.

या तरतुदीतील कळीचा शब्द ‘परिपूर्ण’ हा आहे. एक कागद कमी असला की दिवस मोजणे सुरूच होत नाही. म्हणून अर्जाची पोच, जोडलेल्या कागदांची यादी आणि तारीख एकत्र ठेवावी, त्रुटी तोंडी कळवली गेली तर ती ईमेलने लेखी मागावी आणि सोळाव्या दिवशी नियमाचा उल्लेख करून सौम्य शब्दांत पत्र द्यावे. ग्राहक तक्रार निवारण मंचाची वाट खुली असते, पण त्याच कार्यालयाकडून पुढची दहा कामे करून घ्यायची असल्याने व्यावसायिक सहसा त्या वाटेला जात नाहीत. तक्रार ग्राहक म्हणून सोसायटीनेच करावी.

पैशांचे गणित

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत स्वतंत्र घराला 3 किलोवॉटपर्यंत कमाल 78,000 रुपये अनुदान मिळते. सोसायटीच्या सामाईक सोयींसाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये आहेत आणि मर्यादा प्रत्येक घरामागे 3 किलोवॉट व एकूण 500 किलोवॉट आहे. वरच्या उदाहरणात ही रक्कम 3,60,000 रुपये होते. अनुदान प्रकल्प सुरू झाल्यावर थेट ग्राहकाच्या खात्यात येते. त्यामुळे दरपत्रकात ते वजा करून ‘उरलेले नंतर पाहू’ असे कधीही म्हणू नये. पूर्ण किंमत आणि अपेक्षित अनुदान वेगवेगळ्या ओळींत दाखवावे. अनुदानासाठी भारतीय बनावटीचे सेल असलेलीच पॅनेल लागतात आणि ती महाग पडतात. 22 सप्टेंबर 2025 पासून सौर उपकरणांवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला, त्याने थोडा दिलासा मिळाला. जुन्या दरपत्रकांवर सह्या होण्याआधी कराची ओळ तेवढी दुरुस्त करावी.

धोरणाने आणखी काय करावे

मुदतीत उत्तर न आल्यास मिळणारी गृहीत मंजुरी आज कागदावर आहे, पण ती मागून घ्यावी लागते. सोळाव्या दिवशी पोर्टलने आपोआप मंजुरीपत्र काढले, तर पत्रव्यवहाराचा हा सगळा खटाटोप संपेल. कोणत्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) किती क्षमतेला जागा शिल्लक आहे, ही माहिती वितरण कंपन्यांनी खुली केली तर व्यावसायिक मुळात चुकीच्या ठिकाणी वेळ घालवणार नाही.

सदनिकाधारकांचा प्रश्न निराळा आहे. सामाईक मीटरला लाभ होतो, पण घरातल्या बिलाला होत नाही, आणि म्हणून सभेत उत्साह कमी पडतो. दिल्लीच्या नियामक आयोगाने 2019 मध्येच व्हर्च्युअल नेट मीटरिंगची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात एकाच प्रकल्पाची वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत ठरलेल्या प्रमाणात वजा होते. दाट वस्तीच्या शहरांत ही सोय साध्या अर्जावर मिळाली पाहिजे.

स्थैर्याचा मुद्दाही आहे. राज्य वीज नियामक आयोगाचा 28 मार्च 2025 चा वीजदर आदेश काही दिवसांत स्थगित झाला आणि 25 जूनला पुनर्विलोकनाचा नवा आदेश आला. सकाळी 9 ते सायंकाळी 5 हे सौर तास, म्हणजे कमी दराचे तास, ठरल्याने दिवसाची वीज स्वस्त झाली, आणि व्यापारी व औद्योगिक ग्राहकांच्या परताव्याची गणिते नव्याने मांडावी लागली. ज्या नियमांवर करार झाला ते त्या प्रकल्पाला ठरावीक वर्षे लागू राहतील, अशी हमी बँकांनाही हवी असते.

वितरण कंपन्यांना केवळ दोष देणे मात्र न्याय्य नाही. गच्चीवर पॅनेल लावणारा ग्राहक बहुधा जास्त वापराचा आणि चढ्या दराने बिल भरणारा असतो. तो कमी झाला की शेती व गरीब ग्राहकांच्या सवलतीचा भार उरलेल्यांवर पडतो. केंद्राने सूर्यघर योजनेत वितरण कंपन्यांच्या कामगिरीला जोडलेला 4,950 कोटी रुपयांचा प्रोत्साहन निधी ठेवला आहे तो याच कारणाने. त्यातील काही वाटा उपविभागीय कार्यालयाच्या मंजुरीच्या वेगाशी जोडला, तर मुदतीत निपटलेल्या अर्जात तिथल्या कार्यालयाचाही फायदा राहील. आणि सहकार खात्याने सौर प्रकल्पाच्या ठरावाचा नमुना व पुनर्विकासाच्या वेळी पॅनेल हलवण्याचे कलम उपविधींना जोडून दिले, तर प्रत्येक सोसायटीत तीच वादावादी नव्याने करावी लागणार नाही.