आधी आलेख, मग सूत्र

अकरावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवताना एक सवय दर वर्षी दिसते. गणितात ‘विरामावस्थेतून निघाली’ असं आलं रे आलं की आरंभीचा वेग शून्य लिहायचा आणि गतीच्या तीन समीकरणांपैकी कुठलं लागू पडतंय ते चाचपत बसायचं. गंमत म्हणजे नववीच्या पुस्तकात हीच समीकरणं वेग-काल आलेखावरून काढून दाखवलेली असतात. परीक्षेपुरती ती सिद्धता पाठ होते आणि आलेख विसरला जातो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी उलट सांगतो : आधी वेग-काल आलेख काढा.

लक्षात ठेवायचं फार थोडं. रेषेचा चढ म्हणजे त्वरण, रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. पुढे त्रिकोण आणि समलंब चौकोन, म्हणजे शाळेतलीच भूमिती.

समजा, दोन मेट्रो स्थानकांत १२०० मीटर अंतर आहे. गाडी १ मी/से² त्वरणाने वेग घेते, २ मी/से² ने ब्रेक लावते, आणि वेगमर्यादा २० मी/से आहे. कमीत कमी किती वेळ लागेल? समीकरणांनी तीन टप्पे करावे लागतात. आलेखात एकच समलंब चौकोन दिसतो. वेग चढायला २० सेकंद, उतरायला १०. एकूण वेळ ‘ट’ धरला तर वरची बाजू ट वजा ३०, उंची २०. क्षेत्रफळ १२०० ठेवलं की उत्तर ७५ सेकंद.

खरी मजा पाठलागाच्या गणितात आहे. चोर १० मी/से या स्थिर वेगाने पोलिसासमोरून जातो, त्याच क्षणी पोलीस विरामावस्थेतून २ मी/से² त्वरणाने निघतो. आलेखात चोराची आडवी रेषा, पोलिसाची चढती; दोन्ही ५व्या सेकंदाला छेदतात. बहुतेक जण इथेच ‘पकडला!’ म्हणतात. पण तिथे फक्त वेग सारखे झालेत. उलट, दोघांतलं अंतर त्याच क्षणी सर्वांत जास्त असतं : दोन रेषांमधला त्रिकोण, २५ मीटर. ही पिछाडी भरून काढायला छेदबिंदूच्या पुढे तेवढाच त्रिकोण हवा, म्हणजे आणखी ५ सेकंद. १०व्या सेकंदाला चोर सापडतो, तेव्हा पोलिसाचा वेग चोराच्या दुप्पट असतो. वर्गसमीकरण मांडूनही १० येतंच, पण मधल्या २५ मीटरचा पत्ता लागत नाही. आणि प्रश्न बऱ्याचदा त्यावरच असतो.

रेषा अक्षाखाली गेली की जपून. २० मी/से वेगाने चेंडू वर फेकला, गुरुत्वीय त्वरण १० धरलं, तर पहिल्या ३ सेकंदांत अक्षावर २० आणि खाली ५ असं क्षेत्रफळ मिळतं. विस्थापन १५ मीटर, कापलेलं अंतर २५. सूत्रात किंमती घालणारा १५ वर थांबतो.

सीईटीला भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. तिथे मोजपट्टी काढायची गरज नाही. कच्च्या कागदावर हाताने ओढलेली तिरकी रेषा पुरते, आकडे नीट लिहिले म्हणजे झालं.

आलेख आयता दिला असेल तर आधी अक्षांची नावं वाचा. स्थान-काल आलेखात चढ म्हणजे वेग. त्वरण-काल आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे वेगातला बदल, प्रत्यक्ष वेग नव्हे. त्यात आरंभीचा वेग मिळवावा लागतो. आणि वेग-स्थान आलेख आला तर क्षेत्रफळाच्या वाटेला जाऊच नका. तिथे त्वरण म्हणजे त्या बिंदूचा चढ गुणिले तिथला वेग.